मातीतली गाडी रस्त्यावर आणायची असेल तर

होंडाच्या सीआरएफ ४५० आर, सीआरएफ ४५० एक्स आणि सीआरएफ ४५० आरएल या तीन मोटरसायकली शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर लांबून बघणाऱ्याला एकच गाडी तीनदा दिसते. तोच लाल रंग, तसंच उंच सीट, तशीच ॲल्युमिनियमची फ्रेम आणि तिन्हींत ४४९ सीसीचं इंजिन. जवळ गेलं की फरक दिसायला लागतो. आर ही मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या बंद ट्रॅकवर शर्यत करणारी गाडी; तिला पुढचा दिवा नाही, आरसे नाहीत, साइड स्टँडसुद्धा नाही. उतरल्यावर तिला घोडीवर चढवून ठेवावं लागतं. एक्सला दिवे आणि स्टँड आहेत, पण इंडिकेटर नाहीत. आरएलला मात्र इंडिकेटर, हॉर्न, आरसे, स्पीडोमीटर, नंबरप्लेट लावायची जागा, सगळं आहे. वजनं बघितली तर आर सुमारे ११२ किलो, एक्स सुमारे १२५ आणि आरएल सुमारे १३१.

हे वाढलेले १९ किलो कुठून आले ते समजलं की अर्धा विषय समजला. दिवे आणि आरसे यांचा त्यातला वाटा अगदी थोडा. बाकीचं वजन डोळ्यांना दिसतच नाही: दिवे, हॉर्न सगळं चालवू शकेल एवढी वीज बनवणारी कॉइल, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पाचाऐवजी सहा गिअर, जास्त जड क्रँक, थोडी मोठी टाकी. गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून होंडाने स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, पोकळीत युरेथेन भरलं आणि स्प्रॉकेटना, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांना, रबर लावलं. रस्त्याचा परवाना मिळवण्यासाठी कंपनीला स्वतःच्याच गाडीत एवढं बदलावं लागतं.

म्हणून "मोटोक्रॉसची गाडी घेतो, दिवे लावतो आणि पासिंग करून टाकतो" असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेकांनी कंपनीतूनच रस्त्याला मंजूर होऊन आलेली गाडी घ्यावी आणि ती मातीत न्यावी. उलटा मार्गही आहे, काही ठिकाणी तो कायदेशीर आहे आणि हौशी माणसाला त्यात खूप शिकायला मिळतं. पण त्या मार्गावर कागद पहिला, वीज दुसरी आणि दिवे सगळ्यात शेवटी, हा क्रम उलटा केला की पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

ऑफ-रोड म्हणजे नेमकी कुठली

दुकानात किंवा जाहिरातीत सगळ्यांना एकच नाव असतं, पण या गाड्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार लांबचे आहेत.

मोटोक्रॉसची गाडी बंद ट्रॅकवर अर्धा-पाऊण तास जीव तोडून पळण्यासाठी जन्माला येते. टाकी ६-७ लिटरची, गिअर एकमेकांच्या अगदी जवळजवळ, मागचं चाक १९ इंची, सस्पेन्शन उंच उड्या झेलायला कडक केलेलं. इंजिनात तेल जेमतेम लिटर-सव्वा लिटर. अशा गाडीचा हिशोब किलोमीटरमध्ये होत नाही, तासांत होतो. हँडलजवळ एक छोटा अवर मीटर चिकटवलेला असतो आणि मालक त्यावर बघून तेल, फिल्टर, पिस्टन बदलतो. आता हा तासांचा हिशोब रस्त्यावर आणून बघा. दर १५ तासांनी तेल बदलायचं असेल आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटरने जात असाल, तर ९०० किलोमीटरला एक तेलबदल झाला. रोज कामावर जायला ही गाडी वापरली तर दर महिन्याला पाना हातात घ्यावा लागेल. शिवाय मोटोक्रॉसच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, धक्का शोषणारे रबर नसतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि धक्का जिरतो. डांबर चाकाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे प्रत्येक झटका चेनमधून थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो.

एन्ड्युरोची गाडी दिसायला तिची सख्खी बहीण, पण संस्कार वेगळे. याचं कारण या खेळाच्या इतिहासात आहे. १९१३ साली इंग्लंडमध्ये कार्लाइलला इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल सुरू झाली. १९८१ पासून तिच्या नावात ट्रायलच्या जागी एन्ड्युरो आलं. या शर्यतीत रायडर दिवसभर जंगलातून, डोंगरातून जातात, आणि एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत सार्वजनिक रस्त्यानेही जातात. मग त्या गाडीला दिवा हवा, नंबरप्लेट हवी. त्यामुळे एन्ड्युरोला पहिल्यापासून थोडी रस्त्याची सवय आहे. मागचं चाक १८ इंची, म्हणजे टायरची भिंत जास्त उंच आणि दगडावर आपटल्यावर ट्यूब वाचण्याची शक्यता जास्त. गिअर सहा आणि एकमेकांपासून लांब, म्हणून पहिल्यात चढ चढता येतो आणि सहाव्यात रस्ता कापता येतो. साइड स्टँड असतो. केटीएमच्या ईएक्ससी मालिकेसारख्या गाड्या अनेक देशांत कंपनीतूनच रस्त्याला मंजूर होऊन येतात. तरी देखभालीचा हिशोब मात्र शर्यतीच्या गाडीसारखाच, तासांत.

युरोपीय संघाने तर एन्ड्युरो म्हणजे काय हे कायद्यातच मोजून ठेवलं आहे. १६८/२०१३ या नियमावलीनुसार एन्ड्युरो मोटरसायकलचं सीट किमान ९०० मिलिमीटर उंच, जमिनीपासून पोटाची उंची किमान ३१० मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त १४० किलो, आणि मागे बसायला सीट नाही. ट्रायलच्या गाडीसाठी उलट मापं आहेत: सीट ७०० मिलिमीटरपेक्षा उंच नको, टाकी ४ लिटरपेक्षा मोठी नको, वजन १०० किलोच्या आत. या दोन प्रकारांना तिथे एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सक्तीतून सूट आहे. ट्रायलची गाडी उभ्याने चालवायची असते, दगडांवरून तोल सांभाळत. रस्त्यासाठी ती कुणी निवडू नये, एवढंच तिच्याबद्दल पुरे.

आणि मग ड्युअल-स्पोर्ट. माती आणि डांबर दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली, कागदपत्रांसकट येणारी गाडी. १९६८ची यामाहा डीटी-१ ही या प्रकाराला लोकांच्या घरात नेणारी गाडी मानली जाते. त्यानंतर १९७६ची एक्सटी ५००, १९८७ची कावासाकी केएलआर ६५०, १९९३ची होंडा एक्सआर ६५० एल अशी लांब परंपरा आहे. आजच्या होंडा सीआरएफ ३०० एलचं वजन १४० किलोच्या आसपास, इंजिन २८६ सीसीचं, आणि तेलबदलाचं अंतर सुमारे १२,००० किलोमीटर. वर सांगितलेल्या आरएलचं हेच अंतर सुमारे १,००० किलोमीटर. दोन्हींना नंबरप्लेट लागते, दोन्ही दुकानातून सरळ रस्त्यावर येतात, पण एक गाडी तुम्हाला बारापट जास्त वेळ गॅरेजमध्ये बसवते. निवड करताना ताकदीचा आकडा सगळे विचारतात, हा आकडा फार थोडे विचारतात. मला तर तो आधी विचारावासा वाटतो.

लांबच्या प्रवासासाठीच्या मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांचं वजन दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातं. कच्चा रस्ता त्या आरामात करतात. चिखलात आडव्या झाल्या की एकट्या माणसाला उचलणं कठीण. त्या वेगळ्या लेखाचा विषय आहेत.

स्वतःला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: मातीपर्यंत पोहोचणार कसे? गाडी टेम्पोत टाकून नेणार असाल तर रस्त्याच्या परवान्याची गरजच काय? मग निर्धास्तपणे मोटोक्रॉस किंवा एन्ड्युरो घ्या, बंद जागेत चालवा. पण चालवतच जाणार असाल, तर एकूण अंतरातला किती भाग डांबराचा आहे ते कागदावर लिहून काढा. बहुतेकांचा हा आकडा त्यांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो. तीस किलोमीटर मातीसाठी जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर डांबर, असं सहज होतं.

दुसरा प्रश्न उंचीचा. ९५० मिलिमीटर उंच सीटवर दोन्ही पाय टेकणारे लोक थोडे. एका पायाचा चवडा टेकला तरी चालतं, पण ते सरावाने येतं आणि सिग्नलला उभं राहताना, उतारावर थांबताना त्याचा ताण येतो. सस्पेन्शन खाली घेण्याची लिंक मिळते. ती लावली की गाडी बसते, पण वळणावरची भूमिती बदलते आणि साइड स्टँडही लहान करावा लागतो. त्यापेक्षा सीटचा फोम कापून घेणं साधं आणि परत बदलता येण्याजोगं.

तिसरा, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक हलकी, उघडायला सोपी, आणि तिची ताकद एकदम उसळते. पण धुराच्या नियमांत ती अडकते. केटीएमने २०१८च्या मॉडेलपासून ईएक्ससी टू-स्ट्रोकमध्ये कार्ब्युरेटर काढून इंधन इंजेक्शन आणलं, त्यामागे युरोपातल्या धुराच्या मर्यादा हे मोठं कारण होतं. जुन्या, कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला आज रस्त्यावर आणायचं तर ती ज्या वर्षी बनली त्या वर्षाचे नियम लागतात की आजचे, हे आधी विचारा. सगळं त्यावर ठरतं.

जुनी गाडी बघायला जाताना खिशात एक पांढरा धुतलेला रुमाल ठेवा. सीट काढा, एअर फिल्टर काढा, आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोट घालून तो रुमाल फिरवा. तेलाचा हलका डाग चालेल. बारीक धूळ आली, रुमाल करकरला, तर धूळ फिल्टरच्या पुढे गेली आहे, म्हणजे पिस्टन रिंग आणि सिलिंडरपर्यंत गेली आहे. अशा गाडीचा अवर मीटर काहीही सांगो, तिचं इंजिन उघडावं लागणार असं धरून चला. नंतर पुढचं चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे हलवा; मधोमध एक खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं. मागचं चाक धरून वर-खाली करा, लिंकेजमधला, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांमधला, खडखडाट हाताला कळतो. इंजिन थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड झाल्यावर परत या.

कागद

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाने शर्यतीची सुंदर गाडी घेतली, दोन महिने घालून उत्तम वायरिंग केलं, दिवे, आरसे, मीटर सगळं बसवलं, आणि मग नोंदणीला गेला. तिथे पहिला प्रश्न दिव्यांचा आलाच नाही. गाडीच्या मूळ प्रमाणपत्रावर ती फक्त बंद जागेत वापरण्यासाठी बनवली आहे असं कंपनीनेच छापलेलं होतं. विषय तिथेच संपला. त्याची मेहनत आठवली की आजही वाईट वाटतं.

रस्त्याला मान्यता देण्याच्या पद्धती जगभर ढोबळपणे तीन आहेत. आपण कुठल्या पद्धतीत राहतो हे कळलं की पुढचा रस्ता आपोआप दिसतो.

पहिल्या पद्धतीत मान्यता गाडीच्या मॉडेलला मिळते, एकेका गाडीला नाही. कंपनी एक नमुना सरकारी किंवा सरकारमान्य प्रयोगशाळेत नेते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळ्याची चाचणी होते. मग त्या मॉडेलच्या हजारो गाड्या त्याच मंजुरीवर विकल्या जातात. युरोपीय संघ मुख्यतः असा चालतो, भारतही. भारतात मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. अशा व्यवस्थेत मंजुरी नसलेल्या मोटोक्रॉसला दिवे लावून पासिंग मिळेल ही आशा सोडून द्यावी. तिथे ड्युअल-स्पोर्ट किंवा मंजूर एन्ड्युरो हाच खरा पर्याय.

दुसऱ्या पद्धतीत एकेक गाडी तपासून मान्यता देण्याची सोय असते. ब्रिटनमध्ये टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे वर सांगितलेली मॉडेलची मंजुरी, नसलेल्या, दहा वर्षांपेक्षा कमी वयाच्या मोटरसायकलसाठी मोटरसायकल सिंगल व्हेइकल ॲप्रूव्हल ही चाचणी आहे. तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत एक विशेष गोष्ट आहे: दिवे नसलेली मोटरसायकलही तपासणीत पास होऊ शकते, फक्त ती दिवसा, स्वच्छ उजेडातच चालवायची. अमेरिकेत केंद्राचे सुरक्षेचे आणि धुराचे नियम नवी गाडी बनवणाऱ्या कंपनीला लागतात, पण नंबरप्लेट राज्य देतं. त्यामुळे ॲरिझोनासारख्या राज्यात ऑफ-रोड गाडीला लागणारी साधनं बसवून ती रस्त्यासाठी नोंदवता येते, तर शेजारच्या कॅलिफोर्नियात गाडीवर रस्त्यासाठीचं धुराचं लेबल नसेल तर दार बंद. गाडी तीच, पण राज्याची सीमा ओलांडली की उत्तर बदलतं.

तिसरी पद्धत मधली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मोटरसायकलसाठी मर्यादित नोंदणी मिळते, करमणुकीच्या वापरापुरती. ती घेऊन गाडी जंगलातल्या आणि आडवाटेच्या रस्त्यांवर चालवता येते, फ्रीवेवर आणि दाट वस्तीत नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण मातीत जाणाऱ्या माणसाची खरी गरज तेवढीच असते.

कुठेही राहत असलात तरी पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. चॅसिस नंबर स्टिअरिंगच्या मानेवर कोरलेला असतो, तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि कागदाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. घासलेला, पुन्हा कोरलेला वाटला तर निघून या. मूळ प्रमाणपत्रावर वापराबद्दल काय छापलंय ते वाचा. आणि विमा कंपनीला लेखी विचारा, बदल केलेली अशी गाडी ते घेतील का. तोंडी होकार अपघातानंतर कामाला येत नाही. विम्याचा प्रश्न सगळे शेवटी ठेवतात, म्हणून तो इथे आधी सांगतोय.

वीज

कागद जुळत असतील तर आता हात काळे करायला हरकत नाही.

मोटरसायकलच्या इंजिनावर एक मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आत तांब्याच्या कॉइल असतात. तिथे वीज तयार होते. मोटोक्रॉसच्या गाडीत ही वीज ठिणगी पाडायला, इंजेक्शन चालवायला आणि असलीच तर छोटी बॅटरी भरायला पुरेल एवढीच असते, कारण जास्त कॉइल म्हणजे जास्त वजन. आता जुन्या पद्धतीच्या बल्बांचा हिशोब करा. पुढचा हॅलोजन ५५ वॅट, मागचा दिवा ५, ब्रेकलाइट २१, दोन इंडिकेटर प्रत्येकी १०. एकाच वेळी सगळं लागलं तर १०१ वॅट. हॉर्न वाजवला की क्षणभर आणखी ३० च्या आसपास. एवढा भार छोट्या कॉइलवर टाकला तर बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि इंजेक्शनची गाडी एके दिवशी रस्त्यातच बंद पडते. हेच सगळं एलईडी केलं तर पुढचा दिवा २५, मागचा आणि ब्रेक मिळून ४, इंडिकेटर ४. तेहतीस वॅटमध्ये काम होतं. म्हणून कॉइल नव्याने गुंडाळून घेण्याआधी एलईडी करून बघा, अनेक गाड्यांत तेवढ्याने भागतं.

काम झालं की मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. मग सगळे दिवे लावा, ब्रेक दाबा, इंजिन मंद चालू द्या. आकडा १३च्या वर टिकला तर निश्चिंत. १२.५च्या खाली घसरत राहिला तर कॉइल कमी पडतेय.

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत आणखी एक अडचण येते. त्यांच्या लायटिंग कॉइलचं एक टोक सरळ इंजिनच्या धातूला जोडलेलं असतं आणि दिव्याला उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह जातो. बल्बला त्याने फरक पडत नाही, पण बॅटरी, हॉर्न आणि एलईडी यांना एका दिशेचा डीसी लागतो. त्यासाठी धातूला जोडलेलं टोक सोडवून, त्याला स्वतंत्र वायर लावून, दोन्ही टोकं फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या डबीला, द्यायची. काम बारीक आहे: कॉइलची तार नाजूक, त्यावरचा वार्निश खरवडून झाल्यावर झाळ द्यायची, आणि जोड तेलात व उष्णतेत राहणार म्हणून त्यावर इपॉक्सी. हात स्थिर नसेल तर वाइंडिंग करणाऱ्याकडून करून घ्या.

इंडिकेटर एलईडी केल्यावर बहुतेकांना एकच अनुभव येतो: ते वेड्यासारखे भरभर मिचकतात किंवा लागून तसेच राहतात. जुना फ्लॅशर रिले विजेच्या भारावर ठेका धरतो, आणि एलईडी तेवढा भार देत नाही. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला की विषय संपतो. आंतरराष्ट्रीय नियमांत मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकणं अपेक्षित आहे. घड्याळ लावून मोजा, तपासणारा माणूसही मोजू शकतो.

ब्रेकलाइट पुढच्या लिव्हरनेही लागला पाहिजे आणि मागच्या पेडलनेही. यावर अनेक गाड्या अडतात, कारण शर्यतीच्या गाडीत दोन्हीकडे स्विच नसतो. सोपा उपाय म्हणजे बँजो बोल्टच्या रूपातला प्रेशर स्विच. मास्टर सिलिंडरला जिथे ब्रेकची नळी जोडलेली असते तिथला पोकळ बोल्ट काढून हा बसवायचा. ब्रेक दाबला की तेलाचा दाब वाढतो आणि स्विच लागतो. काढताना खाली फडकं धरा, ब्रेक ऑइल रंग खातं. नळीच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशर नव्याच घाला, जुन्या दाबल्या गेलेल्या असतात आणि पाझरतात. मग हवा निघेपर्यंत ब्रेक ब्लीड करा, लिव्हर दगडासारखा कडक लागला की थांबा. रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी बोल्टखाली बोट फिरवा. कोरडं हवं.

टायर, मीटर, आवाज

टायरच्या भिंतीवर लिहिलेलं वाचायची सवय लावा. अमेरिकेत रस्त्यासाठी डीओटी ही अक्षरं लागतात, युरोपात गोलात किंवा चौकोनात ई आणि त्यापुढे आकडा. काही मोटोक्रॉस टायरवर महामार्गासाठी नाही असं स्पष्ट छापलेलं असतं, ते काढून टाका. मोठ्या ठोकळ्यांचे नॉबी टायर डांबरावर कमी जागेला चिकटतात, ब्रेक मारल्यावर ठोकळे वाकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ट्यूबऐवजी फोमचा मूस भरला असेल तर रस्त्यावर अजिबात जाऊ नका. सततच्या वेगात तो आतून तापतो आणि विरघळायला लागतो.

स्पीडोमीटर छोटा डिजिटल मिळतो. पुढच्या डिस्कला एक चुंबक आणि फोर्कला सेन्सर लावायचा, आणि मीटरला चाकाचा घेर सांगायचा. टायरवर खडूने रेघ मारा, जमिनीवर तिच्या खाली दुसरी रेघ मारा, गाडीवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ पुढे जा आणि अंतर मोजा. पुढच्या २१ इंची चाकाला ते साधारण २,१५० मिलिमीटरच्या आसपास येतं. कंपनीच्या तक्त्यातला आकडा घालण्यापेक्षा हा स्वतः मोजलेला आकडा घाला.

रस्त्यासाठी गिअरिंग थोडं लांब करावं. समजा पुढे १३ आणि मागे ५० दात आहेत. ते १४ आणि ४८ केले तर त्याच वेगाला इंजिन सुमारे ११ टक्के कमी फिरतं. कानाला लगेच कळतं, आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं.

आवाजाच्या बाबतीत मी कडक आहे. उघड्या सायलेन्सरची एक गाडी गावाजवळून गेली की ती वाट सगळ्यांसाठी बंद होण्याची सुरुवात होते. उभ्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशांच्या कोनात धरतात. चालत्या गाडीची चाचणी वेगळी आणि तिचे आकडे वेगळे, त्यामुळे एका चाचणीचा डेसिबल दुसऱ्याशी ताडू नका. रस्त्यासाठी मंजूर सायलेन्सरवर खूण कोरलेली असते, तीच बघून घ्या. कोरड्या गवतातून जाणार असाल तर ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टरही हवा.

आरसे, नंबरप्लेट आणि तिच्यावरचा दिवा, रिफ्लेक्टर ही कामं एका दुपारची आहेत. फक्त नंबरप्लेट मागच्या मडगार्डच्या टोकाला लटकवू नका. पहिल्या मोठ्या खड्ड्यात चाक वर येतं आणि ती टायरमध्ये जाते. सीट काढून, मागचा शॉक सोडवून, चाक हाताने पूर्ण वर उचलून बघा आणि मगच जागा पक्की करा.

तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे. मानेजवळून जाणाऱ्या वायरी कुठे ताणल्या जातात का, फ्रेमला घासतात का ते टॉर्च लावून बघा, आणि दोन्ही टोकांना हॉर्न वाजतोय, इंडिकेटर लागतायत याची खात्री करा. पासिंग झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर स्पोक, चेन आणि नव्याने बसवलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.